ठिपक्यांची अक्षरं

कारखाना वसाहत, येरमाळा
दसऱ्यानंतरचा रविवार, १९८७

प्रिय अयोध्या,

मागच्या पत्रांना तुझं उत्तर आलं नाही, आणि मी ते मागतही नाही. त्यांत उत्तर देण्यासारखं होतं तरी काय? तब्येत बरी आहे, पाऊस उशिरा का होईना झाला, विहिरींना पाणी उतरलं. पोस्टमननं चुकून दुसऱ्याच्या घरी टाकली असती तरी त्या माणसाला ती आपलीच वाटली असती. आज मात्र लांबलचक लिहिणार आहे. आधी ऑफिसचं सांगतो. त्या कामात तूही आहेस, आणि पुढं जे सांगायचं आहे तिथवर जायला मला हीच वाट ठाऊक आहे. एकदम तिथं पोचायचा धीर होत नाही.

पोळ्याच्या सुमारास कम्प्युटर कंपनीची माणसं कारखान्यावर आली आणि म्हणाली, तुमची ऑपरेटिंग सिस्टीम आता जुनी झाली, नवी निघाली आहे, दिवाळीनंतर जुनीकडं आम्ही बघणार नाही. तुला आठवतं, लग्नाच्या नव्या दिवसांत तू विचारलं होतंस की ही सिस्टीम म्हणजे काय? मी म्हणालो होतो, यंत्रात प्रोग्राम पुष्कळ असतात, पण कुणाला कधी जागा द्यायची, प्रिंटर कुणाच्या हाती द्यायचा, हे सगळं ती ठरवते. तू पटकन म्हणालीस, म्हणजे घरातली सासू! आई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. आधी तीच हसली, आणि हसता हसता तिच्या हातची मेथी सगळी परातीबाहेर गेली. हे मी आज मुद्दाम लिहितोय. ती आई तुझ्या ध्यानात राहावी म्हणून.

तर ही नवी सासू. जुनीवर एका वेळी एकच माणूस काम करू शकायचा, नवीवर चौघं बसू शकतात. चेअरमनसाहेबांना तेच हवं होतं, की उसाची गाडी काट्यावर आली की तिथंच पावती निघावी, शेतकऱ्याला ऑफिसपर्यंत हेलपाटा नको. त्यासाठी वजनकाट्याच्या खोलीत एक टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि बटणं, शेतकी विभागात एक, हिशेबाच्या खोलीत एक. पण मी लिहिलेले सगळे प्रोग्राम जुन्या सिस्टीमच्या सवयीचे. त्यातला एकेक उघडायचा, नव्या सिस्टीमवर चालवून बघायचा, अडला की दुरुस्त करायचा. गळीत हंगाम तोंडावर. गेल्या वर्षीच्या दुष्काळात निम्मा ऊस जनावरांच्या छावणीला गेला, त्यामुळं यंदा गाळप थोडंच होणार, पण थोड्या उसाला पावती लागत नाही असं थोडंच आहे.

मदतीला कंपनीनं सोलापूरचा इंजिनिअर दिला, कल्याणप्पा नावाचा. माझ्याच वयाचा, घरी कानडी बोलणारा, डब्यात रोज शेंगाची चटणी आणणारा. माणूस सरळ. पहिले काही दिवस आम्ही नुसत्या नावांच्या मागं होतो. जुन्या सिस्टीमला इंग्रजी अक्षर मोठं लिहा की लहान लिहा, सारखंच होतं. नवीला तसं चालत नाही. मी एकाच फाईलचं नाव कुठं मोठ्या अक्षरात घातलेलं, कुठं लहान. नवी म्हणायची, अशी फाईलच नाही. फाईल समोर दिसतेय, आणि ती म्हणते नाही. मग आणखी एक निघालं. कल्याणप्पा काट्यावर बसला, मी शेतकी विभागात बसलो, आणि दोघांनी एकाच सभासदाचं खातं उघडलं. त्यानं एका गाडीचं वजन भरलं, मी दुसऱ्या गाडीचं. माझं राहिलं, त्याचं पुसून गेलं, आणि यंत्रानं तक्रारही केली नाही. हंगामात असं झालं असतं तर एखाद्याचा गाडीभर ऊस हवेत विरला असता. म्हणून प्रत्येक प्रोग्रामला शिकवावं लागलं, खातं उघडलं की आधी कुलूप घाल, काम झालं की काढ, तोवर दुसऱ्यानं थांबायचं.

मला हे काम बरं वाटत होतं, अयोध्या. खरं सांगतो. सकाळी गेलो की संध्याकाळपर्यंत डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. घरी आलं की आई ताट वाढते आणि आत जाते. आबा बाहेर बाजेवर बसतात. आमच्या तिघांत आता बोलणं होतं ते भाजीत मीठ आहे का, एवढंच. म्हणून ऑफिसात मी लवकर जायचो. शेवटचा राहिलेला तुझ्या अक्षरांचा प्रोग्राम मी मात्र मुद्दामच मागं ठेवला होता.

तो तू विसरली नसशील. वसाहतीतल्या बायकांचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग तू चालवायचीस, आणि एक दिवस हरणाबाई काट्यावरची पावती घेऊन वर्गात आली. तिची विहिरीखालची थोडी जमीन, नवरा गेलेला, ऊस तीच बघते. पावती तुझ्यापुढं धरून म्हणाली, "बाई, तुमी शिकवलेलं अक्षर ह्यात एक बी न्हाय." तू तशीच माझ्या ऑफिसात आलीस आणि दारात चप्पल काढता काढताच विचारलंस, हे यंत्र मराठीत का छापत नाही? मी म्हणालो, त्याला अक्षरं इंग्रजीच माहीत आहेत. तू म्हणालीस, मग आपण शिकवू. तेव्हा तुला सातवा महिना होता, पाय सुजायचे. भिंतीला उशी लावून तू बसायचीस आणि ग्राफपेपरवर ठिपक्या ठिपक्यांनी अक्षरं काढायचीस. प्रिंटरच्या डोक्यात सुयांची एक उभी रांग असते, ती ओळीवरून एकदा अक्षराचा वरचा भाग छापत जाते आणि दुसऱ्या फेरीत खालचा, एवढं मी सांगितलं होतं. बाकी सगळं तुझं. पुस्तकातल्यासारखी अक्षरं काढायची नाहीत, असा तुझा हट्ट. नव्यानं वाचायला शिकलेल्या बाईला ओळखू आली पाहिजेत. 'थ' आणि 'य' मधला फरक लांबून दिसावा म्हणून तू किती कागद फाडलेस! उभ्या रांगेतल्या प्रत्येक घराची किंमत ठरलेली, वरच्याची वेगळी, खालच्याची वेगळी; जिथं ठिपका त्या घरांची बेरीज करून तो आकडा मी यंत्राला द्यायचो. तू ठिपके मांडायचीस, मी बेरजा.

पहिला कागद छापून बघितला तो बारशाच्या आठवड्यात. आईला पोरीचं नाव येडेश्वरीवरून येडाई ठेवायचं होतं, तुला उर्मिला. शेवटी आबांनीच निकाल दिला. म्हणाले, "घरात बिभीषण हाय, अयोध्या हाय, आता उर्मिला आली. येडाई देवीच्या पाया पडून तिला सांगतो म्या, तिची समजूत निघंल." आणि मी चाचणीसाठी जी ओळ यंत्रात घातली, ती 'उर्मिला बिभीषण' अशीच घातली. तो कागद तू पाळण्याच्या दोरीला टाचणीनं लावला होतास. नंतर सगळी अक्षरं झाली, सगळ्या सभासदांच्या पावत्या मराठीत निघू लागल्या, पण चाचणीची ओळ तीच राहिली. प्रिंटरला नवी शाई लावली की छाप उर्मिला. कागद तिरका जातोय का बघायचा, छाप उर्मिला. हाताला सवयच लागली होती.

आता नव्या सिस्टीमवर तो प्रोग्राम उघडायचा म्हणजे ती ओळ आलीच. मी कल्याणप्पाला काही बोललो नव्हतो. भाद्रपद सरता सरता एका दुपारी त्यानंच बटण दाबलं. प्रिंटर सुरू झाला, नावाचा वरचा भाग नीट छापला, आणि दुसऱ्या फेरीत 'उ'च्या शेपटीपाशी कागद खट्कन वर सरकला. शेपटी तुटली आणि पुढच्या अक्षरांचे खालचे भाग एक ओळ खाली जाऊन पडले. पुन्हा छापलं, पुन्हा तसंच. कल्याणप्पानं कागद फाडून हातात घेतला आणि विचारलं, "ही उर्मिला कोण? सभासद का?" माझ्या तोंडून निघालं, "व्हय, सभासद." तो मान हलवून पुन्हा कामाला लागला. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

कारण सापडायला वेळ लागला, पण होतं साधं. ठिपक्यांच्या रांगेचा आकडा कुठं कुठं नेमका दहा येत होता. जुनी सिस्टीम मधे पडत नव्हती, आकडा सरळ प्रिंटरला मिळायचा. नवी मधे उभी राहते आणि तिच्या लेखी दहा म्हणजे 'ओळ संपली, कागद वर घे'. तिला अक्षर दिसतच नाही. 'उ'च्या शेपटीत अशी एक रांग होती, 'ह'मध्ये एक, 'छ'मध्ये एक. कल्याणप्पानं मुंबईला ट्रंककॉल लावला. ते म्हणाले, सिस्टीमला मधे पडू नको असं सांगायची सोय आहे खरी, पण या आवृत्तीत ती बिघडलेली आहे, दुरुस्त होऊन यायला वेळ लागेल. हे आमच्या एमडी साहेबांच्या कानावर गेलं. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या डोक्यावर हंगाम. मला बोलावून म्हणाले, "बिभीषणराव, वजनाचे आकडे तर सगळ्यांना कळतात. नाव मराठीत नसलं म्हणून ऊस अडणार आहे का? दसऱ्याला बॉयलर पेटतोय. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर पावती इंग्रजीत काढा." मी म्हणालो, जमवतो. मला त्यांना हरणाबाईचं सांगता आलं असतं. पण तोंड उघडलं असतं तर मी हरणाबाईवर थांबलो नसतो.

उपाय एकच होता. ठिपका हलवायचा, म्हणजे बेरीज दहा येणार नाही. त्यासाठी तुझे मूळ ग्राफपेपर हवे होते, आणि ते होते लाकडी कपाटावरच्या ट्रंकेत. आईनं किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि घागर घेऊन बाहेर गेली. घागर भरलेली होती, तरी घेऊन गेली. ट्रंकेत वर दुपटी होती, कुंची होती, तुझ्या आईनं जळकोटहून पाठवलेली वाळ्याची जोडी होती. कागद सगळ्यात खाली. मी काही विसकटलं नाही. जसं होतं तसंच परत ठेवलं, तुला वाटेल तसं तू उघडशील. 'उ'च्या शेपटीतला एक ठिपका मी एक घर खाली आणला. 'ह'चा आणि 'छ'चा एकेक वाढवला. तुझ्या अक्षरांना तुला न विचारता हात लावला. 'उ' आधी जरा ऐटीत वळायचा, आता वाकल्यासारखा दिसतो. तुझ्या लगेच ध्यानात येईल. दुसऱ्या कुणाच्या येणार नाही.

मग पुन्हा ती ओळ छापली. सरळ आली, एका ओळीत, उर्मिला बिभीषण. कल्याणप्पानं टाळी वाजवली, म्हणाला, "चला, तुमची सभासद पास झाली." मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याला काहीतरी कळलं असावं. खुर्ची ओढून तो माझ्या शेजारी येऊन बसला. तेव्हा मी त्याला सांगितलं. तुला सोडून मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. तुला तरी कुठं सांगितलं, आपण दोघं तिथंच होतो.

मे महिना होता. वसाहतीतली विहीर आटली होती, टँकर एक दिवसाआड यायचा, पाण्याला गंजाचा वास. तू रोज पाणी उकळून घ्यायचीस, आणि मग दोन दिवस रेशनला रॉकेल आलं नाही. तू चौपदरी धडप्यातून गाळून घेतलंस. त्या आठवड्यात वसाहतीतल्या निम्म्या पोरांना जुलाब लागले. उर्मिलेला लागले. जीपमधून आपण दोघांनी आणि आबांनी तिला सोलापूरला नेलं, आणि तिसऱ्या दिवशी तिला तशीच परत आणलं. तिला अजून उभंही राहता येत नव्हतं, धरून धरून बसायची. शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या तेव्हा आई ते बोलली. मी इथं लिहितो, कारण ते आजवर आपण कुणीच पुन्हा उच्चारलेलं नाही आणि न उच्चारल्यानं ते गेलेलं नाही. आई म्हणाली, "राकेल न्हवतं तर काटक्या पेटवायच्या हुत्या. पानी उकळलं असतंस तर पोर आज मांडीवर असती." मी तिच्यावर ओरडलो, बायांनी तिला आत नेलं, पण तू सगळं ऐकलं होतंस. तू रडली नाहीस. नुसती मान हलवलीस, जणू काही तुलाही तेच म्हणायचं होतं. पुढच्या आठवड्यात तुझे दादा आले आणि तू त्यांच्याबरोबर गेलीस. तुझी आई परवा नळदुर्गच्या बाजारात कारखान्याच्या ड्रायव्हरला भेटली, तेव्हा म्हणाली म्हणे, पोरगी अजून पाण्याचा तांब्या हातात घेतला की तशीच उभी राहते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काट्यावर खऱ्या गाडीची चाचणी घेतली. ऊस हरणाबाईचा. तिचीच गाडी सगळ्यात जवळची म्हणून तिला बोलावलं होतं. काट्यावर टर्मिनल, शेतकी विभागात टर्मिनल, कुलपं बरोबर लागली, बरोबर निघाली, पावती तिच्या हातात पडली. तिनं बोट ठेवून वाचलं, "ह... र... णा..." आणि थांबली. मला वाटलं काही चुकलं. ती म्हणाली, "बाई कवा येनार? जोडाक्षरं ऱ्हायल्यात माजी." मी म्हणालो, येतील. खोटं बोललो की खरं, ते मला ठाऊक नाही. वर्गाच्या खोलीत सध्या खताची पोती ठेवली आहेत.

दसऱ्याला बॉयलर पेटला. एमडी साहेबांनी पावती हातात धरून चेअरमनांना दाखवली. तुझा उल्लेख केला, हे सांगायला हवं. "बिभीषणरावांच्या मंडळींची अक्षरं," असं म्हणाले. दोन दिवसांनी तयार प्रोग्रामांच्या फ्लॉप्या कंपनीच्या सोलापूरच्या ऑफिसात द्यायला मी जीपनं गेलो. काम लवकर आटोपलं. कल्याणप्पाची बायको त्याच आठवड्यात बाळंत झाली होती. तो म्हणाला, "पाच मिनिटं या, पोरगं बघून जा." मी काही कारण काढणार होतो, पण त्याच्या तोंडावरचा आनंद बघून नाही म्हणवलं नाही. जीप वळली तेव्हा कळलं की दवाखाना तोच. तीच पायरी, तीच निळी जाळी.

पोर बघितलं. हातात घेतलं नाही. बाहेर पडताना जिन्यात डॉक्टरीणबाई समोर आल्या, आपल्या उर्मिलेला बघणाऱ्या त्याच. त्यांनी मला ओळखलं. विचारलं, "येरमाळ्याचे ना? मिसेस कशा आहेत?" मी म्हणालो, बऱ्या आहेत. त्या म्हणाल्या, "पुढच्या मुलाचा विचार कराल तेव्हा मिसेसना सुरुवातीपासून आमच्याकडं दाखवा. मूल झालं की लगेच हृदय तपासून घेऊ. तुमच्या वडिलांना मी सांगितलं होतं तेव्हा." मी म्हणालो, "हृदय? कशासाठी?" त्या जिन्यातच मागं वळल्या. मग मला खोलीत नेऊन बसवलं.

आता हे नीट वाच. घाईनं वाचू नकोस. उर्मिलेच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं, मोठं. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, दूध पिताना ती दमायची का? कपाळाला घाम यायचा का? आणि मला तू आठवलीस, पदरानं तिचं कपाळ टिपत म्हणायचीस, बघा हो, पिते कमी आणि दमतेच जास्त. रडली की ओठ काळेनिळे व्हायचे, आपण म्हणायचो जिद्दी आहे. वजन भरत नव्हतं, आपण म्हणायचो बापावर गेलीय. बाई म्हणाल्या, जुलाब निमित्त झाले. तसलं हृदय साधा तापही पेलत नाही, पावसाळ्यातली पहिली सर्दी सुद्धा नाही. मी त्यांना रॉकेलचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वसाहतीतल्या सगळ्या पोरांनी तेच पाणी प्यायलं ना? ती उठून खेळायला लागलीच की. आईनं अमृत पाजलं असतं तरी ही पोर राहिली नसती. तुमच्या मिसेसना हे कुणी सांगितलं नाही?" नाही सांगितलं, अयोध्या. शेवटच्या दुपारी तू शुद्धीवर नव्हतीस, मी तुझ्याजवळ होतो, आणि डॉक्टरीणबाईंनी बाहेर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला बोलावून सांगितलं. आबांना.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा बाजेवर दोरी वळत बसले होते. मी उभ्यानंच विचारलं. त्यांनी दोरी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्या सांगितलं न्हाय. मलाच नगं वाटलं." मी विचारलं, का? म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात तुजी बहीन गेली. मेंढरं गेली, मग पोर गेली. लोकं तुज्या आईला म्हनली, हिची कूसच खोटी. लई वर्सं म्हनत हुती. पान्यावर गेली तर पानी देईनात, कुनाच्या बाळाला हात लावू देईनात. ह्या पोरीच्या काळजाला जल्मापून भोक हाय म्हटलं असतं तर तसंच ह्या सुनंला म्हनली असती. म्या म्हटलं, टँकरच्या पान्यावर जाऊ दे. पान्याला कोन काय म्हनतंय." आणि मग ते रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, मेंढरं मेली तेव्हाही नाही. म्हणाले, "पानी तिच्या माथी बसंल, हे माज्या ध्यानातच आलं न्हाय. आन बसल्यावर मग तोंड उघडंना." मला त्यांचा राग येतोय, अजूनही येतोय. पण त्यांनी तुला वाचवायलाच तोंड बंद ठेवलं होतं, हेही तुला कळायला हवं. मग तू त्यांच्यावर रागाव, नाहीतर नको रागावूस.

आई दाराआड उभी होती. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. ती बाहेर आली नाही. थोड्या वेळानं आत बघितलं तर भिंतीला डोकं टेकून बसलेली. मला म्हणाली, "मला लोकांनी जे म्हटलं, त्येच म्या त्या पोरीला म्हटलं की रं." त्यानंतर ती जेवली नाही, आणि काल सकाळी म्हणाली, मला जळकोटला जायचं. मी म्हणालो, मी येतो. म्हणाली, "तू नगं. तू असलास की ती तुज्या तोंडाकडं बगून मला माफ करंल."

म्हणून हे पत्र पोस्टात टाकलं नाही. येरमाळ्याच्या फाट्यावर तिला सकाळच्या गाडीत बसवतो आणि तिच्याच हाती देतो. तुळजापूरला गाडी बदलायची आहे, तेवढं कंडक्टरला सांगीन. तू हे वाचत असशील तेव्हा ती तुझ्या माहेरच्या अंगणात बसलेली असेल. तिला वाचता येत नाही, मी काय लिहिलं आहे ते तिनं विचारलंही नाही. मी तुला घरी ये म्हणत नाही, अयोध्या. ती आली तशी एकटीच परत आली तरी मी फाट्यावर उभा असेन आणि तुला दोष देणार नाही. मनात मात्र रोज तुझीच वाट बघेन, तेही लपवत नाही. फक्त तिला आत घे, आणि तुझ्यासमोर बसू दे. कालपासून ती एकटीच काहीतरी पुटपुटते आहे, भाकरी थापताना, झाडताना, तुला काय म्हणायचं त्याची जुळवाजुळव करते आहे. मला ऐकू आलं आहे, पण मी ते इथं लिहिणार नाही. ते तिच्याच तोंडून ऐक.

अजूनही तुझाच,
बिभीषण